सोळा घरांची आराधीण

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

तुळजापुरातून बोलतेय. हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. फक्त एक करा. मुलांची गणिताची चौकटीची वही आणि एक पेन्सिल जवळ असू द्या. मध्येच लागणार आहे.

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हिला काय झालं! मोबाईलवरच्या आणि टीव्हीवरच्या खेळांत जी छोटी छोटी माणसं पळतात, उड्या मारतात, ती चित्रं कशी काढायची, हे मी सांगणार आहे. मी ओटीच्या साहित्याचं दुकान चालवणारी बाई. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला संगणकाचा माऊस धरता येत नव्हता. पण दसुती येत होती. आणि त्याच जोरावर मी आज इथं बसले आहे.

दसुतीचं मॅटी कापड आपल्यापैकी निम्म्याजणींनी तरी हाताळलं असेल. शाळेत शिवणाच्या तासाला रुमाल भरला असेल, नाहीतर टीव्हीवर घालायचं झाकण. त्यात आपण चित्र काढत नाही, घरं मोजतो. चार घरं लाल, दोन सोडायची, मग तीन हिरवी. पोपट आपोआप होतो. संगणकाच्या पडद्यावरचं चित्रही अशाच बारीक घरांचं असतं. एका घराला पिक्सेल म्हणतात. आताच्या मोबाईलमध्ये ही घरं इतकी बारीक असतात की दिसतच नाहीत. पण घरं मुद्दाम मोठी ठेवून, एकेक मोजून भरलेलं चित्र म्हणजे पिक्सेल आर्ट. आणि खेळात जे हलतं-चालतं एकटं चित्र असतं, माणूस, कुत्रा, नाणं, त्याला स्प्राइट म्हणतात. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ छोटी परी किंवा पिशाच्च असाही होतो. ते लक्षात ठेवा, पुढं पिशाच्चाची गोष्ट येणार आहे.

माझं माहेर सोलापूरचं. लहानपणी शेजारी चादरीचे माग होते. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचे. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या धाग्याची एक गाठभेट. मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागावर चढवायच्या. भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. ही युक्ती फ्रान्सच्या जॅकार्ड नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमाराला मागावर बसवली, म्हणून ते जॅकार्डचे माग. लेकीच्या संगणकावर पहिल्यांदा ती चौकटींची पाटी पाहिली तेव्हा मला तो मोराचा कागदच आठवला.

अमेरिकेत सुझन केअर नावाच्या बाई आहेत. १९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला, त्यावरची छोटी चित्रं त्यांनी काढली. त्यांना संगणकाचं काम येत नव्हतं, त्या चित्र-शिल्प शिकलेल्या. पण घरं मोजून करायचं भरतकाम त्यांच्या आईनं त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. कंपनीतल्या मित्रानं सांगितलं, बारीक चौकटींची वही आण आणि बत्तीस बाय बत्तीस घरांत चित्र बसवून दाखव. त्यांनी दाखवलं. ही गोष्ट मी आमच्या भिशीत सांगितली तर एकजण म्हणाली, म्हणजे आपली दसुती वाया गेली नाही म्हणायची!

आता मूळ गोष्टीकडं. माझी लेक कॉलेजात आहे. तिला स्वतःचा एक खेळ तयार करायचा होता. आपल्या गावाचा. त्यात दर्शनाला पायी येणारी माणसं, कोजागरीला सोलापूरहून चालत येणारी गर्दी, गोंधळी, आराधी, सगळं हवं होतं. आकडेमोड तिला येते, चित्र येत नाही. मला म्हणाली, मम्मी, तू भरून दे. मी म्हटलं, देवीचं चित्र आधी काढू. सासूबाई आतून ओरडल्या, "देवीला उड्या मारायला लावता का गं?" तिथंच तो विषय संपला. मग ठरलं, आराधीण काढायची. सासूबाई स्वतः आराधीण आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवार-शुक्रवार जोगवा. म्हणजे नमुना घरातच बसलेला.

वही घ्या आता. सोळा घरं आडवी, सोळा उभी असा चौकोन आखा. एकूण दोनशे छप्पन्न घरं. सुरुवातीला यापेक्षा मोठं घेऊ नका. नवीन माणूस हौसेनं शंभर बाय शंभरचं घेतो. ती झाली दहा हजार घरं. आठवडाभरात कंटाळून सोडून देतो. जपानमध्ये १९९९ साली मोबाईलवर पाठवायची जी १७६ चित्रं शिगेताका कुरिता यांनी करून घेतली, ज्यांची पुढं आपली इमोजी झाली, ती फक्त बारा बाय बाराची होती. आणि आपल्या जुन्या नोकियावरचा साप आठवतोय? ३३१० चा अख्खा पडदा चौऱ्याऐंशी बाय अठ्ठेचाळीस ठिपक्यांचा. तेवढ्यात लोक तास न् तास रमले.

मी पहिल्या दिवशी काय केलं, ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. मी चेहऱ्यापासून सुरुवात केली. डोळे, भुवया, नाक, नथ, ओठ, हनुवटी. चेहरा सहा घरांचा आणि त्यात मी एवढं कोंबलं. लेकीनं लांबून पाहिलं आणि म्हणाली, हा कुजलेला टोमॅटो आहे का?

त्यामुळं पहिला धडा हा. आधी रंग नाही, डोळे नाहीत. सगळी आकृती एकाच काळ्या रंगात भरा, सावली पडते तशी. मग वही भिंतीला लावून चार पावलं मागं जा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा, हे काय आहे? ओळखलं नाही तर कितीही रंग भरा, उपयोग नाही. साडी नेसलेली बाई सावलीत नुसता त्रिकोण दिसते. ती आराधीण आहे हे कशावरून कळणार? माझी दोन दिवस डोकेफोड झाली. शेवटी एका हातात परडी, ती अंगापासून बाहेर आलेली, आणि दुसऱ्या हातात पेटता पोत, डोक्याच्या वर गेलेला. केस मोकळे, खांद्यावर दोन्हीकडं एकेक घर जास्त. असं केल्यावर शेजारचे पेढेवाले काका लांबूनच म्हणाले, ही तुमची सासू. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनीही पाहिलं. म्हणाल्या, "परडी अशी लोंबती व्हय? पिशवी हाय का ती बाजाराची? मी कमरंला टेकवून धरती." परडी दोन घरं वर घेतली, कमरेला चिकटवली, आणि चित्र एकदम उभं राहिलं. ज्याचं चित्र काढताय त्याला दाखवा, मैत्रिणींनो. फुकटचा मास्तर असतो तो.

माप सांगते. खऱ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण सातव्या हिश्शाएवढं असतं. इथं तसं करू नका, डोकं दोन घरांचं होईल आणि चेहरा मावणार नाही. सोळातली पाच घरं डोक्याला द्या, उरलेली अकरा मान, धड, साडीला. बाहुलीसारखं दिसतं, पण खेळात तेच चांगलं दिसतं.

चेहऱ्यात दोन घरं डोळ्यांची. बस. नाक नाही, तोंड नाही. तुम्ही म्हणाल, बिनतोंडाची बाई कशी दिसेल? मारिओ आठवा. नव्वदीत घराघरांत कॅसेट घालून खेळायचा टीव्ही गेम आला होता, माझा भाऊ सुट्टीभर त्यालाच चिकटलेला असायचा. त्यातल्या मारिओला मिशा आहेत, डोक्यावर टोपी आहे. ते का? निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतोंनी त्याला १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी काढला तेव्हा घरं इतकी कमी होती की तोंड नीट दाखवता येईना, म्हणून मिशा दिल्या. केस जमेनात, म्हणून टोपी. म्हणजे ज्याला आज जग ओळखतं ते रूप अडचणीतून निघालं. आमच्या आराधिणीला मिशा थोड्याच देणार? पण मळवट आहे ना! डोळ्यांच्या वर लाल घरांची एक पट्टी भरली आणि बाई बोलायला लागली.

रंग मोजकेच. मी सहा घेतले. कडेला काळ्याऐवजी गडद तपकिरी, कातडीचा एक, साडीचा हिरवा, कुंकवाचा लाल, कवडीचा पांढरट, ज्योतीचा पिवळा. नंतर साडीसाठी एक गडद हिरवा वाढवला. दसुतीला रेशमाच्या लडी विकत आणाव्या लागतात म्हणून आपण हात राखतो. संगणकावर रंग फुकट, म्हणून माणूस पन्नास वापरतो आणि सगळं गढूळ होतं. लडी विकतच्या आहेत असं समजून चाला.

सावलीचं एक सांगायचं राहिलं. उजेड कुठून येतोय ते आधी ठरवा. आमच्याकडं पोत होता, त्यामुळं प्रश्न मिटला. पोताच्या बाजूची साडी उजळ, परडीच्या बाजूची गडद. पहिल्यांदा मी आकृतीच्या चारही कडांनी गडद रंग फिरवला, तर बाई उशीसारखी फुगलेली दिसायला लागली. आणि साडीच्या घोळाची तिरकी कड भरताना पायऱ्या क्रमानं घ्या. तीन घरं, मग दोन, मग एक. तीन, एक, दोन असं केलं की कड खडबडीत दिसते. दसुतीत कमळाची पाकळी भरणारीला हे सांगायची गरज नाही.

वहीत जमलं की मग संगणक. आम्ही पिस्केल नावाचा कार्यक्रम वापरतो. इंटरनेटवर उघडतो, पैसे पडत नाहीत. उघडल्यावर बत्तीस बाय बत्तीसची पाटी येते, ती बदलून सोळाची करून घ्यायची. पेन, खोडरबर, रंग ओतायची बादली, एवढं आलं तरी काम भागतं. संगणक नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर पिक्सेल स्टुडिओ आहे. बोट जाड असतं, चुकीच्या घरावर पडतं, त्यामुळं चित्र मोठं करून भरा. माझ्या वयाच्या बायकांनी तर नक्कीच. मागची बाजू रिकामी ठेवा, पांढरी भरू नका. नाहीतर खेळात तुमची बाई पांढरी पाटी पाठीवर घेऊन फिरेल.

चित्र हलवायचं कसं? ते मला सगळ्यात अवघड वाटलं होतं आणि सगळ्यात सोपं निघालं. तेच चित्र पुन्हा उतरवायचं आणि थोडं बदलायचं. पहिल्या चित्रात ज्योत डावीकडं झुकलेली, दुसऱ्यात उजवीकडं. दोन चित्रं सेकंदाला चारच्या वेगानं आलटून पालटून दाखवली की पोत फडफडतो. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकान उघडायला पाऊण तास उशीर झाला. चालण्यासाठी चार चित्रं. उभी, एक पाय पुढं, पुन्हा उभी, दुसरा पाय पुढं. पाय फाकलेल्या दोन चित्रांत अख्खं अंग एक घर खाली घ्यायचं, म्हणजे चालीत ठेका येतो. आधीचं चित्र खाली पुसट दिसत राहील अशी सोय त्यात असते, कार्बन कागदासारखी. आणि आपली साडी पायघोळ असल्यामुळं पाय काढायची कटकटच नाही, काठ एक घर इकडं-तिकडं केला की झालं. लेकीला गोंधळ्याच्या धोतराला चार दिवस लागले, मला आराधिणीला एक संध्याकाळ.

चित्र साठवताना पीएनजी प्रकारात साठवा, जेपीजीत नको, घरांच्या कडा फिसकटतात. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट असं पुरतं करा, दीडपट नाही. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आमचं पहिलं चित्र फोटो म्हणून गेलं आणि समोरच्याला डागाळलेलं पोतेरं पोचलं.

तो समोरचा कोण, ते सांगते. लेकीनं ती हलती आराधीण स्टेटसला ठेवली होती. तिच्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या पुण्याच्या एका मुलाचा फोन आला. तो खेळ बनवत होता, खेडेगावातल्या भुताटकीचा. आठ चित्रं हवीत, एकाचे चारशे, म्हणजे बत्तीसशे रुपये. लेकीची फी भरायची होती, दुकान पावसाळ्यात बसलेलं असतं. आम्ही हो म्हटलं. पाटील, गुराखी, कुत्रा, घुबड, कंदील घेतलेला म्हातारा, विहीर, वडाचं झाड, सात चित्रं आठ दिवसांत झाली. आठवं चेटकीण. तो म्हणाला, वेगळी काढू नका, तुमची ती स्टेटसवालीच द्या. केस मोकळे आहेत, कपाळ लाल आहे, हातात जाळ आहे. नुसते डोळे लाल करा.

मैत्रिणींनो, दोन घरं. दोनशे छप्पन्नातली दोन. लेकीनं बघू तरी म्हणून बादली घेतली आणि दोनदा टिचकी मारली. काळ्याची लाल झाली. आणि खरंच, पडद्यावर चेटकीण उभी होती. परडी तीच, माळ तीच, साडी तीच.

सासूबाई मागं उभ्या होत्या, आम्हाला माहीत नव्हतं. ओरडल्या नाहीत. थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "जोगव्याला गेल्यावर ल्हान लेकरं आधीच भेत्यात मला. आईच्या मागं लपत्यात." आणि चहा टाकायला निघून गेल्या.

मी त्या मुलाला स्वतः फोन केला. चेटकीण दुसरी काढून देते म्हटलं, पांढऱ्या साडीतली, उलट्या पायाची, हवी तशी. ही नाही. तो म्हणाला, काकू, एवढ्या बारीक चित्रात कोण बघतंय ती आराधीण आहे का काय? मी म्हटलं, पेढेवाल्यानं चार पावलांवरून ओळखली. त्याला राग आला असावा. सात चित्रांचे पैसे आले, पंधरा दिवसांनी. आठवं त्यानं दुसरीकडून करून घेतलं.

लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, चारशे गेले ते गेलेच, पुढचं कामही गेलं. तेही खरंच आहे. या कामात पैसा फार आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. शिकायला वर्ष जातं, गिऱ्हाईक लांबचं, भाव तो ठरवतो. एक मात्र आता आम्ही करतो. काम घेताना चित्र कशासाठी वापरणार हे आधी विचारतो आणि निम्मे पैसे आगाऊ घेतो. ब्लाउज शिवायला घेतानाही आपण अस्तर आधी मागतोच की.

लाल डोळ्यांचं ते चित्र लेकीनं पुसून टाकलं. तिचा स्वतःचा खेळ अजून चालू आहे, निम्मा झालाय. आराधीण त्यात वाट दाखवणारी आहे, अंधारात पोत घेऊन पुढं चालते.

परवा रात्री सासूबाईंनी चष्मा लावून ते चित्र पुन्हा मागितलं. संगणकाच्या पडद्याला नाक लावून बोटानं काहीतरी मोजत होत्या. म्हणाल्या, "माळंला एका अंगाला चार कवड्या आन् दुसऱ्या अंगाला तीनच का?" आम्ही मोजल्या. खरंच. मी एक घर पांढरट, एक तपकिरी असं आलटून पालटून भरत गेले होते, एका बाजूला सात घरं, दुसऱ्या बाजूला सात. सोळा ही सम संख्या, तिला मधलं घरच नसतं. त्यामुळं माळेचं टोक छातीवर नेमकं मध्ये बसत नव्हतं आणि एका बाजूची कवडी कमी पडत होती. दसुतीत नक्षी नेहमी विषम घरांवर घ्यायची, मधलं घर धरून दोन्हीकडं मोजत जायचं, हे माझ्या आईनं मला दहा वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि मीच विसरले.

पाटी सोळाचीच ठेवली. एक उभी ओळ रिकामी सोडली आणि बाई पंधरा घरांची केली. आता दोन्हीकडं चार-चार कवड्या आहेत. त्यासाठी परडी एक घर सरकवावी लागली, हात पुन्हा काढावा लागला, आणि चालण्याची चारही चित्रं परत करावी लागली. तेवढ्यात रात्रीचे साडेअकरा वाजले. सासूबाई तोवर जाग्याच होत्या.